गैरसोयीबद्दल क्षमस्व, पण ही क्रांती आहे: नेत्यांच्या मुलाखतीतले चिमटे बनतात कसे?

तिरकी रेघ

क्रांतिकारक म्हटलं की मूठ आवळलेला, भिवया चढवलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण भांडवलशाहीला सगळ्यात झोंबलेली वाक्यं काढून बघा, त्यातल्या बऱ्याच वाक्यांवर समोरचे लोक हसले होते. अशी वाक्यं 'काय हजरजबाबी माणूस' म्हणून फिरत राहतात, उकलून मात्र कुणी दाखवत नाही. म्हणून हा धागा. वाक्य टाका, ते कुठे, कधी, कुणापुढे म्हटलं ते टाका आणि त्यातला खटका नेमका कुठे आहे ते सांगा. नुसती सुभाषितं नकोत.

पहिलं माझं. १ जानेवारी १९९४. नाफ्टा म्हणजे उत्तर अमेरिकेतला मुक्त व्यापार करार त्या दिवशी लागू झाला आणि त्याच पहाटे मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापातिस्ता बंडखोरांनी सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे शहर ताब्यात घेतलं. शहर पर्यटकांचं. चौकात काळी माकडटोपी घातलेल्या मार्कोसभोवती, म्हणजे बंडखोरांच्या प्रवक्त्याभोवती, पत्रकार आणि पर्यटकांचा घोळका. एका गाइडची तक्रार अशी की त्याला पाहुण्यांना घेऊन पालेंकेचे अवशेष बघायला जायचंय. मार्कोस म्हणाला, पालेंकेचा रस्ता बंद आहे, ओकोसिंगो आम्ही घेतलंय. गैरसोयीबद्दल क्षमस्व, पण ही क्रांती आहे.

आता खटका. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' ही रस्ता खणून ठेवणाऱ्या खात्याची पाटी. ती भाषा सरकारची, कंत्राटदाराची, गिऱ्हाईक सांभाळणाऱ्यांची. बंदूक घेतलेल्या माणसानं तीच उचलली. वाक्यात भांडवलशाहीविरुद्ध एक अक्षर नाही. तारीख मागे उभी आहे, ती काय बोलायचं ते बोलते. शिवाय उत्तर अगदी कामाचं आहे. रस्ता खरोखर बंद होता आणि कुठे बंद होता तेही सांगितलं. माहिती खरी नसती तर नुसता टोमणा उरला असता.

मराठीत हे वाक्य आयतं उतरतं, कारण पाटी आपल्याकडेही तीच आहे. लोकल उशिरा आली की रोज ऐकतोच.

हिशेबनीस

चांगला विषय. 'समोरच्याचीच भाषा उचलायची' याचा माझ्या मते सगळ्यात भक्कम नमुना म्हणजे तोमा सांकारा. बुर्किना फासोचा अध्यक्ष, २९ जुलै १९८७, अदिस अबाबा, आफ्रिकी ऐक्य संघटनेची परिषद. मुलाखत नाही, भाषण आहे, पण बोलण्याचा बाज समोर बसून गप्पा मारल्यासारखा आहे, म्हणून चालवून घ्या.

विषय होता परकीय कर्ज. तो म्हणाला, कर्ज फेडलं नाही तर सावकार मरणार नाहीत, हे नक्की. फेडलं तर आपण मरू, हेही तितकंच नक्की. पुढे कसिनो आणला. ज्यांनी आपल्याला कर्जात ढकललं ते जुगार खेळत होते. जिंकत होते तोवर कुणाचीच तक्रार नव्हती. आता हरले तर पैसे परत मागतात. नाही, ते खेळले, हरले, खेळाचा नियमच तो. आयुष्य चालू राहतं.

हे नुसतं चटकदार नाही, याच्याखाली हिशेब पक्का आहे. १९७३ नंतर तेल महागलं आणि तेलाचा पैसा पाश्चात्त्य बँकांत साचला. तो खपवायला त्यांनी गरीब देशांना बदलत्या व्याजदरानं कर्जं दिली. १९७९ नंतर अमेरिकेनं महागाई मोडायला व्याजदर चढवले, तेव्हा ऋणकोचं व्याज आपोआप चढलं, आणि त्याच काळात त्यांच्या कच्च्या मालाचे भाव पडले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोनं हात वर केले. आता भांडवलशाहीचा स्वतःचाच नियम काय? जोखीम घेतो म्हणून धनको व्याज घेतो. मग कर्ज बुडालं तर तोटा त्यानं सोसायला नको? सांकारा नवा नियम सांगतच नाही, पलीकडच्याच वहीतला नियम मोठ्यानं वाचतो. म्हणून उत्तर देणं अवघड जातं.

त्याच भाषणात आणखी दोन गोष्टी आहेत. धनको राष्ट्रांचा पॅरिस क्लब आहे, मग पाच जणांचा क्लब, सात जणांचा, दहा जणांचा, कदाचित शंभर जणांचाही असेल, तर आपलाही एक असायला काय हरकत आहे, अदिस अबाबाची कर्जाविरुद्धची आघाडी? दुसरी गोष्ट कपड्यांची. मी आणि माझं शिष्टमंडळ आमच्याच विणकरांनी विणलेल्या कापडात आलोय, एक धागाही युरोप-अमेरिकेचा नाही, मी काही फॅशन शो करत नाहीये. हे कापड म्हणजे फासो दान फानी, हातमागाचं सुती. विनोद अंगावर घालून आला होता म्हणा ना.

आणि ते वाक्य, ज्यावर सभागृह हसलं. बुर्किना फासोनं एकट्यानंच कर्ज नाकारलं तर पुढच्या परिषदेला मी इथे नसेन. १५ ऑक्टोबर १९८७ ला, ७८ दिवसांनी, त्याच्याच राजधानीत त्याला गोळ्या घातल्या.

शेवटचा बाक

ते शेवटचं माहीत नव्हतं. आता ते भाषण पुन्हा हसत ऐकता येणार नाही.

असो. माझं आवडतं: 'भांडवलदार आपल्याला तो दोरही विकतील, ज्यानं आपण त्यांना फाशी देऊ.' लेनिन. खटका सांगायची गरजच नाही.

दुभाषा

शेवटचा बाक, गरज आहे, कारण ते वाक्य लेनिनच्या छापील लेखनात किंवा भाषणांत सापडत नाही. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याच्या नावावर टाकलेलं आहे. क्युबाच्या क्रांतीतल्या चे गेव्हाराचा 'इकॉनॉमिस्ट की कम्युनिस्ट' किस्साही त्याच पोत्यातला. फिदेल कॅस्ट्रोनं बैठकीत 'इथे कुणी इकॉनॉमिस्ट आहे का' विचारलं, चेनं 'कम्युनिस्ट' ऐकून हात वर केला आणि राष्ट्रीय बँक गळ्यात पडली, असं सांगतात. चे नोव्हेंबर १९५९ मध्ये बँकेचा प्रमुख झाला हे खरं, नोटांवर नुसतं 'चे' अशी सही केली हेही खरं. हात वर करण्याचा किस्सा मात्र किस्सा म्हणूनच सांगावा.

हा धागा वाढणार असेल तर वाक्य टाकण्यापूर्वी एवढं करा:

मूळ भाषा कोणती ते आधी ठरवा. स्पॅनिश नेत्याचं वाक्य फक्त इंग्रजीत सापडत असेल तर तिथेच शंका घ्या. मग मुलाखत घेणारा कोण, गाव कोणतं, दिवस कोणता? तीनपैकी एकही सापडत नसेल तर वाक्य बाजूला ठेवा. सापडलं तर त्याच्या आधीचा प्रश्न वाचा, कारण चिमट्यातला अर्धा जीव प्रश्नात असतो. गाइडची तक्रार काढून टाका, मार्कोसच्या वाक्यात काय उरतं? आणि शेवटचं, नेता दुसऱ्याचं वाक्य वापरतोय का ते बघा. डिसेंबर २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत व्हेनेझुएलाचा अध्यक्ष चावेझ म्हणाला की हवामान ही बँक असती तर यांनी तिला केव्हाच वाचवलं असतं. तो स्वतःच सांगत होता की ही घोषणा बाहेर रस्त्यावरच्या निदर्शकांची आहे. आज ते वाक्य त्याच्या नावावर फिरतं, घोषणा लिहिणारे विसरले गेले.

तिरकी रेघ

चोख काम. दोराचं वाक्य बाद.

सांकाराच्या कपड्यांवरून आठवलं. साम्राज्यवाद कुठे आहे असं विचारणाऱ्यांना त्याचं उत्तर होतं, जेवताना ताटात बघा, आयात केलेला तांदूळ, मका, ज्वारी-बाजरी, हाच साम्राज्यवाद. म्हणजे मोठा शब्द घ्यायचा आणि हाताला लागेल अशा वस्तूवर आणून ठेवायचा.

हिशेबनीस

त्याला मी 'एकक बदलणं' म्हणेन. पैशातली किंमत दुसऱ्या मापात सांगायची. फिदेलचा यात हात धरणारा नव्हता. मार्च १९८३, नवी दिल्ली, अलिप्त राष्ट्रांची परिषद. विकसित देशांशी होणारा व्यापार कसा तोट्याचा होत गेला हे त्याला सांगायचं होतं. निर्देशांक, टक्केवारी यांनी सभा पेंगली असती. तो म्हणाला, १९५९ मध्ये २४ टन साखर विकून ६० अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर येत होता, १९८२ अखेर त्याच ट्रॅक्टरला ११५ टन साखर लागते. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला यापुढे 'व्यापारशर्ती' हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

यात हसू कुठे आहे? ट्रॅक्टर तोच आहे, यात. त्याला सोन्याची चाकं लागलेली नाहीत. पण सावध राहायची जागाही इथेच. साखरेचा भाव प्रचंड वरखाली होतो. १९७४ मध्ये तो आकाशाला भिडला होता, तेव्हाचं वर्ष घेतलं असतं तर हाच हिशेब उलटा दिसला असता. आणि क्युबाची बरीचशी साखर सोव्हिएत संघ ठरलेल्या चढ्या भावानं घेत होता, ती या गणितात नाही. तुलनेला कोणतं वर्ष निवडलंय ते नेहमी तपासा.

दुभाषा

एकक बदलण्यात उरुग्वेचा होसे मुहिका सगळ्यांच्या पुढे. तुपामारो या डाव्या गनिमांतला, तेराएक वर्षं तुरुंगात, २०१० ते २०१५ अध्यक्ष. एका मुलाखतीत तो सांगतो, तुम्ही वस्तू विकत घेता तेव्हा पैशांनी घेत नाही, ते पैसे मिळवायला आयुष्याचा जो वेळ खर्च केला त्यानं घेता. फरक एवढाच की आयुष्य विकत मिळत नाही.

हे वाक्य करून बघण्यासारखं आहे. महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०८ तास. पगार २०,८०० असेल तर तास १०० रुपयांना पडला. २५,००० चा फोन म्हणजे २५० तास, महिन्याहून जास्त. आता फोनच्या खोक्यावर किंमत तासांत छापलीय अशी कल्पना करा. विनोद तिथे आहे.

रिओच्या जून २०१२ च्या परिषदेतलं त्याचं भाषण मराठीत आणताना मात्र एक खड्डा आहे. त्यात तो विचारतो, जर्मनांकडे दर कुटुंबामागे जितक्या मोटारी आहेत तितक्याच 'इंदुएस'कडे असत्या तर या ग्रहाचं काय झालं असतं, श्वासाला किती प्राणवायू उरला असता? लॅटिन अमेरिकेतल्या बोलीत 'इंदू' म्हणजे भारतातला माणूस, कोणत्याही धर्माचा. कारण 'इंदिओ' हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांसाठी आधीच खर्ची पडलाय. इंग्रजीतून भाषांतर करणारे 'हिंदू' लिहून मोकळे होतात आणि खाली प्रतिक्रियांत भलतंच भांडण पेटतं. 'भारतीय' लिहा.

खडूस वाचक

सगळे आरतीचं ताट घेऊन उभे आहेत, म्हणून जरा खडा टाकतो.

मुहिकाच्या त्याच भाषणात दिव्याचा चिमटा आहे. दिवा हजार तासांपेक्षा जास्त टिकता कामा नये, लाख-दोन लाख तास टिकणारे दिवे बनू शकतात, पण ते बनवायचे नाहीत, कारण बाजार चालला पाहिजे. याचा पहिला भाग इतिहासाला धरून आहे. १९२४ मध्ये मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा कंपू केला आणि बल्बचं आयुष्य हजार तासांवर बांधलं, जास्त टिकणारा बल्ब काढणाऱ्या सदस्याला दंड होता. पण तापत्या तारेच्या बल्बचं गणित असं की तार थंड ठेवली तर ती जास्त टिकते आणि त्याच विजेत प्रकाश कमी देते. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला १९०१ पासूनचा बल्ब टिकलाय खरा, पण तो रात्रीच्या मिणमिण्या दिव्याइतका, चारएक वॅटवर जळतो. त्याखाली पुस्तक वाचून दाखवा. म्हणजे कंपू लबाड होता, पण हजार तासांत निव्वळ लबाडी नव्हती. चिमट्यात ही दुसरी बाजू मावत नाही, आणि ऐकणारा ती कधी शोधत नाही.

दुसरा मुद्दा, चेची 'संडासशाही'. ऑगस्ट १९६१, उरुग्वेतलं पुंता देल एस्ते, अमेरिकेनं लॅटिन अमेरिकेला दहा वर्षांत २० अब्ज डॉलर आणून देण्याचं गाजर दाखवलं तेव्हा चेनं योजनेतल्या तज्ज्ञांची खिल्ली उडवली. यांना संडास हीच मूलभूत गोष्ट वाटते, यांच्या वेगानं गेलो तर क्युबा संडासांचा स्वर्ग होईल. मग कळीचा प्रश्न: यंत्रांसाठी, कारखान्यांसाठी डॉलर का नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, जिथे मैला वाहणं एका जातीच्या माथी मारलं गेलं, तिथे या विनोदाला वेगळा वास येतो. भाषांतर करा, पण टाळी मिळेल या भरवशावर राहू नका.

तिसरा मुद्दा, विनोद करणारा आता खुर्चीवर आहे. सांकाराच्या राजवटीत १९८४ मध्ये संपावर गेलेल्या शिक्षकांना घरी बसवलं होतं. फिदेलला परदेशी पत्रकार आडवेतिडवे प्रश्न विचारू शकत होते, हवानातला वार्ताहर नाही. पॅरिसच्या बँकेवरचा चिमटा धारदार, स्वतःच्या कामगारावर वेळ आली की विनोद संपला.

तिरकी रेघ

खडूस, तिसरा मुद्दा मान्य, आणि तो धाग्यात हवाच होता. दिव्याबद्दल अर्धा मान्य. मुहिका दिव्याचं भौतिकशास्त्र शिकवत नव्हता, 'वापरा आणि फेका' हे त्याचं लक्ष्य होतं. पण उदाहरण डळमळीत निवडलं की प्रतिपक्षाला आयती फट मिळते, हे खरं.

मुहिकाचे सगळेच चिमटे जमले असंही नाही. एप्रिल २०१३ मध्ये पत्रकारांसमोर बसताना माइक चालू आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि शेजारच्या अर्जेंटिनाच्या अध्यक्ष क्रिस्तिना किर्चनेर यांच्याबद्दल तो बोलून गेला, ही म्हातारी त्या तिरळ्यापेक्षा वाईट. तिरळा म्हणजे तिचा दिवंगत नवरा, नेस्तोर, तोही माजी अध्यक्ष. निषेधाचा खलिता आला, माफी मागावी लागली. रिओचा चिमटा व्यवस्थेला होता, हा बाईच्या वयाला आणि मेलेल्या माणसाच्या डोळ्याला. माणूस तोच, जीभ तीच. त्याचं बाकीचं बोलणं लोक ऐकून घेत, कारण तो १९८७ ची बीटल गाडी चालवायचा आणि पगाराचा मोठा भाग, नव्वद टक्क्यांच्या आसपास, देऊन टाकायचा. गाडी नसती तर आयुष्याच्या तासांचं ते वाक्य कीर्तन झालं असतं.

शेवटचा बाक

'उलटे आभार' हा प्रकार राहिला की. त्याच ऑगस्ट १९६१ मध्ये माँटेव्हिडिओत चे केनेडींचा सहायक रिचर्ड गुडविन याला भेटला आणि त्यानं पिग्सच्या आखातावरच्या हल्ल्याबद्दल, म्हणजे अमेरिकेनं क्युबावर घडवलेल्या फसलेल्या स्वारीबद्दल, अमेरिकेचे आभार मानले. तुमच्यामुळे आमची पकड पक्की झाली, म्हणे. हे गुडविननं केनेडींसाठी केलेल्या टिपणातच आहे. तपासून टाकलंय बरं का, दुभाषाबुवा.

दुभाषा

पास.

आता भाषांतरात मरणाऱ्या विनोदाबद्दल, कारण 'मुलाखत' म्हटलं की बहुतेक वेळा मध्ये दुभाषा असतो. दोन्ही नमुने माओचे.

पहिला, डिसेंबर १९७०, पेकिंग, समोर अमेरिकी पत्रकार एडगर स्नो. माओ म्हणाला, मी म्हणजे छत्री घेतलेला भिक्षू. स्नोनं जगाला सांगितलं की माओ स्वतःला गळकी छत्री घेऊन जगात एकटा भटकणारा भिक्षू म्हणवतो. लोकांचे डोळे पाणावले. प्रत्यक्षात ही चिनी लोकांची अर्धी म्हण आहे. पहिला तुकडा बोलायचा, दुसरा समोरच्यानं मनात पुरा करायचा, आपण 'नाचता येईना' एवढंच म्हणून गप्प बसतो तसं. दुसरा तुकडा आहे 'वू फा वू थिएन'. भिक्षूच्या डोक्यावर केस नाहीत, केस म्हणजे 'फा', आणि कायदा हाही 'फा', फक्त सूर वेगळा. छत्रीमुळे डोक्यावर आकाश, 'थिएन', नाही, आणि 'थिएन' म्हणजे देवही. म्हणजे ना कायदा मानतो ना देव, मला कुणाची पर्वा नाही. मिश्कील फुशारकीचं करुण काव्य झालं. चूक कुठे झाली? शब्द बरोबर गेले, न बोललेला तुकडा गेला नाही.

दुसरा नमुना आधीचा, ऑगस्ट १९४६, येनान, समोर अमेरिकी पत्रकार ॲना लुईस स्ट्राँग. माओ म्हणाला, सगळे प्रतिगामी 'चृ लाओहू' आहेत. दुभाष्यानं इंग्रजीत 'बुजगावणं' म्हटलं. माओनं थांबवलं, बुजगावणं म्हणजे काय ते स्ट्राँगकडून समजून घेतलं आणि म्हणाला, नाही, तसं नाही. माझा वाघ कागदाचा आहे. दिसतो भयंकर, पण ओल लागली की मऊ पडतो, पावसात वाहून जातो. दुरुस्ती झाली म्हणून 'कागदी वाघ' जगभर गेला.

यातून कामाचं एवढंच. दुभाष्याबरोबर बोलणारा नेता शब्दश्लेषावर विसंबला तर बुडतो, चित्रावर विसंबला तर तरतो. कसिनो, ट्रॅक्टर, रस्त्याची पाटी, कागदी वाघ, सगळी चित्रं आहेत. आणि मराठीत आणताना तळटीप लागणार असेल तर ती माहिती चिमट्याच्या आधीच्या वाक्यात पेरा. नंतर समजावलेला विनोद म्हणजे शिळी भजी.

खडूस वाचक

कागदी वाघाची पुढची गोष्ट विसरलात. क्युबाच्या क्षेपणास्त्रांच्या पेचात सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं क्षेपणास्त्रं मागे घेतली, म्हणून चिनी लोक त्याला भित्रा म्हणत होते. डिसेंबर १९६२ मध्ये त्यानं उत्तर दिलं की या कागदी वाघाला, म्हणजे अमेरिकेला, अण्वस्त्रांचे दात आहेत. माओचंच चित्र, फक्त दात बसवले.

हिशेबनीस

बुजगावणं काय वाईट होतं पण? आपल्या वाचकाला तेच जवळचं. किंवा 'वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव'.

दुभाषा

गाढव नको. कातड्याखाली गाढव जिवंत असतं, लाथ मारतं. बुजगावणंही नको, ते शेतकऱ्याच्या बाजूचं आहे, पीक राखतं. माओला हवा होता तो बाहेरून वाघ आणि आत काहीच नसलेला. 'लगद्याचा वाघ' म्हटलं तर पाऊस आला की त्याचं काय होतं ते आपल्याकडे गणपतीच्या मखराचं काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण 'कागदी' आता इतका रुळलाय की तो बदलू नये.